पत्रा आणि प्लास्टिक: बंपर पॉलिश करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोनेट आरशासारखं चमकलं, म्हणून त्याच मशीनने, त्याच पॅडने बंपरला हात घातला आणि कोपऱ्यावरचा रंग करपला. अशा अर्थाचे प्रश्न सतत येत राहतात. काही जण काम सुरू करण्याआधी विचारतात, बरेच जण नंतर. इथे दोघांसाठीही उत्तरं आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे एक गोष्ट दुसऱ्या प्रश्नात सविस्तर आली आहे तिथे तो क्रमांक दिला आहे.

१. बंपर आणि बोनेट एकाच रंगाचे आहेत. मग पॉलिश करताना फरक कशासाठी करायचा?

रंगाची छटा एक असली तरी तो बसलाय ती वस्तू वेगळी आहे. पॉलिश म्हणजे घासणं, आणि घासलं की उष्णता तयार होते. पत्र्यात ती लगेच आजूबाजूला पसरते. बंपर बहुतेक गाड्यांत पॉलिप्रॉपिलिनच्या मिश्रणाचा असतो, आणि पॉलिप्रॉपिलिनची उष्णता वाहून नेण्याची क्षमता साध्या पोलादाच्या दोनशेव्या भागाच्या आसपास आहे. पॅडखाली तयार झालेली उष्णता तिथल्या तिथे साचते आणि सगळा ताप रंगाच्या पातळ थराला सोसावा लागतो.

दुसरा फरक रंगकामातला. कारखान्यात पत्र्याची बॉडी रंगवून भट्टीतून काढतात तेव्हा वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण १४० अंश सेल्सियसला भाजला जातो. त्याआधीचा गंजरोधक थर तर त्याहून जास्त तापमानाला पक्का होतो. बंपरचं प्लास्टिक एवढ्या तापमानाला आपला आकार धरून ठेवत नाही. म्हणून बंपर बहुधा वेगळा रंगवतात आणि ८०-९० अंशांच्या आसपास सुकवतात. त्याचा क्लिअर कोटही वेगळा असतो. प्लास्टिक वाकतं, उन्हात पत्र्याच्या कित्येक पट जास्त फुगतं, त्यामुळे त्यावरचा रंगही थोडा लवचिक ठेवावा लागतो.

तिसरं कारण हाताला लगेच जाणवतं. पत्र्यावर दाब दिला तर तो बऱ्यापैकी तसाच राहतो, बंपर आत जातो. पॅड मग सपाट न टेकता एका कडेवर टेकतं आणि सगळा दाब त्या बोटभर जागेवर येतो.

२. गाडीचा कोणता भाग पत्र्याचा आणि कोणता प्लास्टिकचा, हे ओळखायचं कसं?

फ्रिजवर लावायचा छोटा लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून टेकवा. चिकटला तर पोलाद. नाही चिकटला तर प्लास्टिक, ॲल्युमिनियम किंवा फायबरग्लास. मग बोटाच्या पेराने टकटक करा: प्लास्टिकचा आवाज बोदा येतो, ॲल्युमिनियमचा टणक.

बंपर प्लास्टिकचा असतो हे सगळ्यांना माहीत असतं. फसतात ते बाकीच्या भागांवर. आरशांची टोपणं, मागचा स्पॉयलर, पेट्रोलच्या टाकीची झडप, दारांखालच्या पट्ट्या हे भाग अनेक गाड्यांत प्लास्टिकचे असतात. काही गाड्यांत पुढचे मडगार्ड किंवा डिकीचं दारही प्लास्टिकचं असतं. स्मार्ट फोरटूसारख्या गाडीत तर बाहेरचे बहुतेक पॅनेल प्लास्टिकचेच आहेत.

बंपर कधी काढलाच तर आतली बाजू पाहा. तिथे प्लास्टिकचा प्रकार उठावदार अक्षरांत छापलेला असतो. ‘पीपी’ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, ‘ईपीडीएम’ म्हणजे त्यात मिसळलेलं रबर, ‘टीडी’पुढचा आकडा म्हणजे त्यातल्या टाल्क पावडरीचं शेकडा प्रमाण.

३. एकच पॉलिश आणि एकच पॅड दोन्हीकडे चालेल का?

पॉलिश एकच चालेल. पॅड मात्र बदला. बोनेटवर १२५ किंवा १५० मिलिमीटरचं पॅड सोयीचं असतं. बंपरच्या वळणांवर, जाळीच्या कडेला, फॉग लॅम्पच्या खोबणीपाशी ते कुठे ना कुठे कडेवर चढतंच. तिथे ७५ मिलिमीटरचं पॅड घ्या आणि मऊ फोमचं घ्या. लोकरीचं पॅड बंपरवर मी वापरत नाही. ते जास्त कापतं, आणि बंपरवर मुळात किती थर हाताशी आहे हेच नक्की नसतं (प्रश्न ७).

सुरुवात नेहमी सर्वांत सौम्य जोडीने करा: मऊ पॅड आणि बारीक पॉलिश. तळहाताएवढ्या जागेवर करून पाहा. डाग हलला नाही तरच एक पायरी वर जा. बोनेटवर कोणती जोडी चालली यावरून बंपरचा अंदाज बांधू नका. दोन्हींचा क्लिअर कोट वेगळा असू शकतो, आणि बंपर आधी कधी तरी पुन्हा रंगवलेला असेल तर वेगळा असणारच.

४. रोटरी मशीन घ्यावं की ड्युअल ॲक्शन? वेग किती?

बंपरसाठी ड्युअल ॲक्शन, म्हणजे पॅड फिरता फिरता डोलवणारं मशीन, तेही लहान पॅडचं. रोटरी एकाच आसाभोवती फिरतं, एका जागी पटकन तापवतं आणि हात जरा थबकला की रंग भाजतो. सवयीचा कारागीर रोटरीनेही बंपर सुंदर करतो, पण मशीन पहिल्यांदाच हातात घेणाऱ्याने तो प्रयोग बंपरवर करू नये.

वेग मधला ठेवा. सहा टप्प्यांचं मशीन असेल तर तिसरा-चौथा टप्पा पुरे. दाब मशीनच्या वजनापेक्षा फार जास्त नको.

एक साधी युक्ती: पॅडमागच्या तबकडीच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ मारा. ड्युअल ॲक्शन मशीन वळणावर आलं की कधी कधी पॅड फिरायचं थांबतं आणि नुसतं थरथरतं. रेघ गरगरताना दिसली तर काम चाललंय. रेघ एका जागी स्थिर दिसली तर दाब कमी करा किंवा पॅड सपाट धरा.

५. बंपर किती तापला म्हणजे थांबायचं?

पालथा हात टेकवून दोन-तीन सेकंद आरामात ठेवता आला पाहिजे. हात आपोआप मागे आला तर तुम्ही आधीच उशीर केला आहे.

लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूक मिळाली तर जरूर वापरा. माझा स्वतःचा नियम असा: पत्र्यावर ५५ अंश सेल्सियसला थांबतो, बंपरवर ४५ अंशाला. हे आकडे कुठल्या पुस्तकातले नाहीत, हात राखून काम करण्यासाठी ठरवलेले आहेत. क्लिअर कोट तापला की मऊ पडतो, पॉलिशचे कण त्यात नीट कापण्याऐवजी त्याला ओढतात, आणि मग कडेला रंग सुरकुततो किंवा गोळा होतो.

बोनेटवर एका वेळी ६० सेंटिमीटर चौरसाचा भाग घेता येतो. बंपरवर ३० सेंटिमीटरचाच घ्या. दोन-तीन फेऱ्या झाल्या की दुसऱ्या टोकाला जा आणि पहिला भाग निवेपर्यंत परत येऊ नका. निवायला तो पत्र्यापेक्षा जास्त वेळ घेतो. पॉलिशचा थेंब सुकत चालला, पॅड चिकटायला लागलं, जळका वास आला, यातलं काहीही दिसलं तर मशीन उचला. गाडी सावलीत हवी. उन्हात उभा असलेला गडद रंगाचा बंपर मशीन लावायच्या आधीच तुमची मर्यादा ओलांडून बसलेला असतो.

६. रंगाची जाडी मोजायचं यंत्र बंपरवर आकडाच दाखवत नाही. बिघडलंय का?

नाही. ही यंत्रं खाली धातू आहे असं गृहीत धरून मोजतात. पोलादावर चुंबकीय पद्धतीने आणि ॲल्युमिनियमवर एडी करंट पद्धतीने ती धातूपासूनचं अंतर काढतात, आणि ते अंतर म्हणजेच रंगाची जाडी. प्लास्टिकमध्ये धातूच नाही, तर मोजणार काय? एखादा विचित्र आकडा आलाच तर त्यावर विश्वास ठेवू नका. आत कुठे तरी असलेल्या धातूच्या पट्टीचा तो परिणाम असू शकतो.

प्लास्टिकवरचा रंग अल्ट्रासॉनिक यंत्राने मोजता येतो. त्यात जेलचा थेंब लावून ध्वनिलहरींचा परतीचा वेळ मोजतात. ही यंत्रं साध्या यंत्रांपेक्षा बरीच महाग असतात आणि घरी क्वचितच कोणाकडे असतात.

७. मग बंपरवर क्लिअर कोट किती शिल्लक आहे, हे ठरवायचं कसं?

ठरवता येत नाही. बंपर आणि पत्रा यांच्यातला सगळ्यात मोठा फरक मला विचाराल तर हाच, उष्णतेपेक्षाही मोठा. पत्र्यावर यंत्र सांगतं की इथे एकूण १२० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) आहे, पलीकडे ८०. तुम्ही त्याप्रमाणे हात आवरता. बंपरवर तुम्ही आंधळे आहात, आणि आंधळ्याने जपूनच पाऊल टाकायचं असतं.

थोडे आकडे लक्षात ठेवा. कारखान्यातल्या क्लिअर कोटची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन असते, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा कमीच. सौम्य पॉलिशची एक पायरी त्यातला एखाद-दोन मायक्रॉन घेते, कंपाउंड, म्हणजे जास्त कापणारं जाडसर पॉलिश, त्याहून जास्त. हिशोब सोपा वाटतो, पण क्लिअर कोट शेवटच्या मायक्रॉनपर्यंत वापरायचा नसतो. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारी द्रव्यं त्याच थरात असतात. तो फार पातळ झाला की आज चमकणारा बंपर पुढे काही उन्हाळ्यांत पांढुरका पडतो आणि सोलायला लागतो.

म्हणून पुरावे शोधा. गाडीचा जुना मालक दरवर्षी पॉलिश करून घ्यायचा का? बंपरच्या कडांवर रंग फिका दिसतो का? रबराच्या पट्ट्यांमध्ये, नंबरप्लेटच्या मागे जुन्या पॉलिशचे पांढरे अंश आहेत का? यातलं काही असेल तर बंपरवर फक्त सौम्य पॉलिश करा आणि उरलेले ओरखडे तसेच राहू द्या.

८. हा ओरखडा पॉलिशने जाईल की नाही, कसं कळेल?

आधी ओला करा. पाण्याने ओरखडा दिसेनासा झाला तर तो क्लिअर कोटमध्येच आहे आणि बहुधा जाईल किंवा फिका पडेल. मग नख आडवं फिरवा. नख अडकलं तर पॉलिशने तो जाणार नाही. त्याच्या तळापर्यंत पोचायला भोवतालचा सगळा थर उतरवावा लागेल, आणि बंपरवर ती चैन परवडत नाही (प्रश्न ७).

ओरखड्याच्या तळाशी काय दिसतं तेही पाहा. पत्र्यावर आधी राखाडी प्रायमर आणि मग चकचकीत धातू दिसतो. धातू दिसला तर पॉलिशचा विचार सोडा आणि गंज लागण्याआधी टच-अप करा. बंपरवर काळं किंवा करडं प्लास्टिक दिसतं. प्लास्टिक गंजत नाही, त्यामुळे घाई नसते. पण त्या उघड्या कडेतून रंग हळूहळू सुटायला लागू शकतो.

९. भिंतीला घासून बंपरवर पांढरा पट्टा उमटलाय. माझा रंग गेला का?

बऱ्याचदा गेलेला नसतो. तो भिंतीचा रंग तुमच्या रंगावर बसलेला असतो. दुसऱ्या गाडीला घासल्यावरही असंच होतं. पहिल्यांदा पाहताना काळजात धस्स होतं, पण या दुखण्याला पॉलिश चांगलं लागू पडतं.

धुवा, डांबर काढायच्या द्रवाने पुसा, मग पॉलिश लावलेल्या मायक्रोफायबर कापडाने हाताने घासा. बराचसा पट्टा इथेच निघतो. उरलेल्यासाठी लहान पॅडचं मशीन.

थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. पुन्हा रंगवलेल्या बंपरचा रंग त्याने मऊ पडू शकतो, आणि टच-अपचा साधा रंग तर विरघळून कापडावरच येतो. अशा द्रवांत अनेकदा असणारं ॲसिटोन पॉलिप्रॉपिलिनला सहसा काही करत नाही, पण आरशांची टोपणं आणि पुढच्या जाळ्या अनेकदा एबीएस प्लास्टिकच्या असतात. एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळतं.

१०. कडांना टेप लावणं खरंच गरजेचं आहे?

हो. ओला रंग कडेवरून ओघळून मागे सरकतो, त्यामुळे कडेवर थर मुळातच पातळ असतो. आणि पॅडचा दाब कडेवरच एकवटतो. बोनेटवर हे घडीच्या रेषेवर आणि पॅनेलच्या टोकाला होतं. बंपरवर अशा कडा दुप्पट-तिप्पट असतात: जाळीभोवती, फॉग लॅम्पभोवती, नंबरप्लेटच्या खाचेला, चाकाच्या कमानीला.

मी चाकाच्या कमानीजवळ एका बंपरचा कोपरा असाच भाजला होता. टेप हाताशीच होती, लावायचा कंटाळा केला. पाच सेकंदांत रंग सुरकुतला आणि पूर्ण बंपर पुन्हा रंगवून घ्यावा लागला. तेव्हापासून मास्किंग टेपची चार-पाच मिलिमीटर रुंदीची पट्टी प्रत्येक उठावदार कडेवर लावतो. मशीनचं काम संपल्यावर टेप काढतो आणि ती पट्टी हाताने, सौम्य पॉलिशने पुसतो.

११. पॅडवर गाडीचा रंग उतरतोय. थांबू का?

आधी गाडीचा रंग कोणत्या प्रकारचा आहे ते पाहा. काही साध्या, चमकीचे कण नसलेल्या रंगांवर वेगळा क्लिअर कोट नसतो. तिथे पॅड लाल किंवा पांढरं होणं साहजिक आहे. आजच्या गाड्यांत मेटॅलिक आणि मोत्यासारख्या छटांवर मात्र जवळपास नेहमी क्लिअर कोट असतो. त्यांचा रंग पॅडवर दिसला तर क्लिअर कोट पार झाला आहे. ताबडतोब थांबा.

गोंधळ होतो तो इथे: बॉडी साध्या एकथरी रंगाची, पण बंपर बाहेर पुन्हा रंगवताना त्यावर क्लिअर कोट मारलेला. मग दारावर पॅड रंगतं, बंपरवर रंगत नाही. किंवा उलट. म्हणून ही तपासणी प्रत्येक भागावर वेगळी करा, कोपऱ्यात, हाताने, पांढऱ्या कापडावर.

१२. वॉटर पेपर (ओला करून मारायचा सँडपेपर) मारून मग पॉलिश केलं तर बंपरवरचे खोल ओरखडे निघतील?

पत्र्यावर, जाडी मोजून, २००० किंवा ३००० नंबरचा पेपर ओला करून मारतात आणि ते योग्य हातात चांगलंही होतं. बंपरवर, जाडी न मोजता, मी याला नाहीच म्हणेन. पेपरचे ओरखडे काढायला पुन्हा कंपाउंड लागतं, म्हणजे थर दोनदा जातो आणि उष्णताही वाढते. नुकताच रंगवलेला, जाड क्लिअर कोट मारलेला बंपर हा अपवाद. तिथे रंगात अडकलेली धूळ पेपरने काढणं हा पेंटरच्या कामाचाच भाग आहे.

१३. बंपर हाताने पॉलिश केला तर?

छान होतो. हाताने पुरेशी उष्णता तयारच होत नाही, त्यामुळे भाजण्याची भीती जवळपास संपते. दाराच्या मुठीमागची जागा, बंपरची अरुंद खोबण, डिकीच्या कडेची पट्टी इथे मी मशीन लावतच नाही. वेळ जास्त लागतो आणि धुताना पडलेली बारीक ओरखड्यांची जाळी पूर्ण निघत नाही, निम्मी निघते. निम्मीही बहुतेकांना पुरते. बोटांच्या टोकांनी न दाबता फोमचा छोटा तुकडा वापरा, नाहीतर बोटांचे दाब चरे बनून दिसतात.

१४. पॉलिश काळ्या खरखरीत प्लास्टिकवर गेलं आणि आता पांढरे डाग जात नाहीत.

बिनरंगाचं खरखरीत प्लास्टिक पॉलिश करायचं नसतंच. त्याच्या बारीक खळग्यांत पॉलिशचे कण बसतात आणि वाळतात. मऊ ब्रश आणि घरगुती साफसफाईचा पातळ केलेला द्रव घेऊन घासा, ओल्या कापडाने टिपा, दोन-तीनदा करा. छोट्या डागांवर पेन्सिलीचा पांढरा खोडरबरही काम करतो. पुढच्या वेळी रंगीत भागाला हात लावण्याआधी या पट्ट्या टेपने झाका.

१५. बंपरची छटा बॉडीपेक्षा वेगळी दिसते. पॉलिशने जुळेल का?

फिकेपणा किंवा मळ असेल तर जुळेल. मुळातच वेगळी असेल तर नाही. बंपर अनेकदा वेगळ्या जागी, वेगळ्या रंगाने, वेगळ्या तापमानाला रंगवलेला असतो (प्रश्न १). मेटॅलिक रंगातल्या ॲल्युमिनियमच्या चकत्या फवारताना कशा आडव्या पडल्या यावर छटा ठरते, आणि ते दोन ठिकाणी हुबेहूब होत नाही. शिवाय बंपरचा पृष्ठभाग वळलेला, मडगार्डचा सरळ, म्हणून प्रकाशही वेगळा परततो. समोरून पाहा, मग बाजूने पाहा. एका कोनात जुळलं आणि दुसऱ्यात नाही, तर तो चकत्यांचा फरक आहे. त्यापायी क्लिअर कोट घासत बसू नका.

१६. पॉलिश करून पुसलं की बंपरवर धूळ लगेच परत चिकटते. असं बोनेटवर होत नाही.

प्लास्टिक विद्युतरोधक आहे. कोरड्या कापडाने घासलं की त्यावर स्थिर विद्युतभार साठतो आणि हवेतली धूळ ओढली जाते. पत्र्यावर भार पसरून जातो. शेवटचं पुसणं किंचित ओलसर मायक्रोफायबरने करा, हलक्या हाताने. कोरडं घासत राहिलात तर तीच धूळ नवे ओरखडे पाडते.

१७. बंपर आधी पुन्हा रंगवलेला आहे, हे कसं ओळखू? आणि मग काय बदलतं?

बंपर हा गाडीचा सगळ्यात जास्त वेळा पुन्हा रंगवला जाणारा भाग असावा. सापडणाऱ्या खुणा: जाळीच्या मागे किंवा चाकाच्या कमानीच्या आत फवाऱ्याची कोरडी भुकटी, रबराच्या पट्टीवर रंगाची रेघ, कडेला टेपची उभी पायरी, पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा जो बोनेटवर नाही, आणि रंगात अडकलेले धुळीचे कण.

बाहेर रंगवलेल्या थराचा गुण रंगवणाऱ्यावर ठरतो. चांगल्या कारागिराने प्लास्टिकला पकड देणारा थर मारून, लवचिकता देणारा घटक मिसळून रंगवलं असेल तर तो कारखान्याच्या तोडीचा निघतो. पॉलिप्रॉपिलिनला रंग सहजी धरत नाही. कारखान्यातही त्याला आधी ज्योतीने किंवा खास प्रायमरने तयार करावं लागतं. ही पायरी गाळली असेल तर रंग वर्षभर बरा दिसतो आणि मग पापुद्र्यांसारखा सुटतो. अशा बंपरवर पॅडची कड नुसती अडकली तरी रंग उचलला जातो. कडेला नखाने हलकेच खाजवून पाहा. रंग उठला तर मशीन बाजूला ठेवा.

लांबी (खड्डा बुजवायची पुट्टी) भरलेली असेल तर तिचाही विचार करा. टकटक केल्यावर आवाज एका जागी वेगळा येतो. तिथे दाब देऊ नका. वाकणाऱ्या प्लास्टिकवर लांबीचा कडक थर तडकू शकतो.

१८. नुकताच रंगवलेला बंपर किती दिवसांनी पॉलिश करावा?

हार्डनर (रंग घट्ट करणारा घटक) मिसळलेला आणि भट्टीत सुकवलेला क्लिअर कोट पूर्ण निवल्यावर, बहुधा दुसऱ्या दिवशी, पॉलिश होतो. हवेवर सुकवलेल्याला अधिक वेळ द्या. रंगवणाऱ्याला थेट विचारा: हार्डनर होता का, भट्टीत घातला का? वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंगची घाई करू नका. थरातला द्रावक बाहेर पडायला वेळ लागतो, आणि म्हणूनच रंगाच्या कंपन्या त्यासाठी साधारण ३० ते ९० दिवस थांबायला सांगतात.

१९. धक्का बसलेल्या जागी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा आहेत. पॉलिशने जातील?

जाणार नाहीत. बंपर वाकला आणि परत आला, रंगाला तेवढं वाकता आलं नाही, म्हणून तो तडकला. चीर थराच्या पूर्ण खोलीची असते. पॉलिश केलं तर पांढरे कण चिरांत भरतात आणि त्या जास्तच उठून दिसतात. हा भाग रंगवूनच घ्यावा लागतो. धुताना पडणारी गोल जाळी वेगळी. ती दिव्याखाली फक्त दिव्याभोवती गोल दिसते आणि पॉलिशने निघते.

२०. गरम पाणी ओतून बंपरचा पोचा काढला. लगेच पॉलिश करू का?

नको. पूर्ण निवू द्या, मग पोच्याच्या कडेवर भिंगाने चिरा शोधा (प्रश्न १९). चिरा नसतील तर हलका हात चालेल. पत्र्याचा पोचा अर्थातच गरम पाण्याने निघत नाही.

२१. पार्किंग सेन्सर आणि रडार असलेल्या बंपरवर मशीन चालेल का?

गोल सेन्सरवर टेप लावा आणि त्यांच्या कडेच्या फटीत पॉलिश जाऊ देऊ नका. एवढं पुरे. बंपरच्या मागे लपलेल्या रडारला पॉलिशने फरक पडत नाही, कारण जाणारा थर अगदीच पातळ असतो. रडारसमोर लांबी भरणं किंवा रंगाचे थरावर थर देणं ही मात्र खरी अडचण आहे, त्याने रडारचं वाचन चुकू शकतं. पॉलिश टाळून थेट रंगवायला निघालेल्यांनी आधी गाडीच्या कंपनीचा नियम पाहावा.

२२. ॲल्युमिनियमचं बोनेट किंवा कार्बन फायबरचा भाग असेल तर तो कोणत्या गटात मोजायचा?

ॲल्युमिनियम पोलादापेक्षाही उष्णता चांगली पसरवतं, तेव्हा तो पत्राच समजा. फक्त जाडीचं यंत्र ॲल्युमिनियम मोजणारं आहे का ते पाहा. फायबरग्लास वाकत नाही, पण उष्णता साचवतो आणि साधं यंत्र त्यावर वाचत नाही, म्हणून उष्णतेच्या बाबतीत त्याला बंपरसारखं वागवा. कार्बन फायबरलाही तेच, आणि तिथे जास्त जपा: विणीवरचा क्लिअर कोट हाच त्याचा सगळा देखणेपणा असतो.

२३. जुन्या गाडीचा क्रोमचा बंपर आहे. त्याला कंपाउंड चालेल?

तो रंग नाही, पोलादावरचा निकेल आणि क्रोमियमचा मुलामा आहे. वरचा क्रोमियमचा थर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. कंपाउंडने तो उतरतो आणि खालचं पिवळसर निकेल दिसायला लागतं. फक्त क्रोमसाठीचं सौम्य पॉलिश, हाताने. आजच्या गाड्यांच्या जाळीवरची चकचकीत पट्टी अनेकदा मुलामा दिलेलं एबीएस प्लास्टिक असते, तिला तर मशीन अजिबातच नको.

२४. मॅट रंगाच्या बंपरवरचा डाग पॉलिशने काढता येईल?

नाही. पॉलिशने मॅटचा चकचकीत होतो आणि तो ठिपका परत मॅट करता येत नाही. पत्रा असो वा प्लास्टिक, उत्तर तेच.

२५. सिरॅमिक कोटिंग किंवा पारदर्शक संरक्षक फिल्म असेल तर?

कोटिंग पॉलिशबरोबर निघून जातं, नंतर पुन्हा लावावं लागतं. फिल्मवर कंपाउंड आणि मशीन नको. तिचा वरचा थर भाजतो आणि कडा उचलतात. बहुतेक फिल्मवरचे बारीक ओरखडे सौम्य उष्णतेने, उन्हात किंवा कोमट पाण्याने, आपोआप भरून येतात, तेव्हा आधी तो प्रयोग करा. बंपरवरच फिल्म आणि बाकी गाडीवर नाही, अशी गाडी धुताना कडेची रेघ बोटाने शोधा. दिसायला ती सहज दिसत नाही.

२६. रंग भाजलाच आहे. आता काय?

मशीन लगेच उचला आणि त्या जागेला हात, कापड, पाणी काहीही लावू नका. मऊ झालेला रंग निवून परत घट्ट होऊ द्या, किमान तासभर. नुसती धूसर झाक असेल तर दुसऱ्या दिवशी हाताने, सर्वांत बारीक पॉलिशने ती बरीच कमी होते. रंग सुरकुतला असेल, मॅट पडला असेल किंवा खालचा थर दिसत असेल तर पॉलिशने काहीही परत येत नाही.

छोटा डाग बंपरच्या खालच्या कडेला असेल तर टच-अप करून पुढे जा. मध्यभागी असेल तर बंपर रंगवून घ्या, आणि रंगवणाऱ्याला भाजलेली जागा मोकळेपणाने दाखवा. तिथला सैल झालेला थर त्याने पूर्ण काढला नाही, तर नवा रंग त्याच जागेवरून सुटेल.